समलैंगिकतेवरच्या प्रश्नाला उत्तर छापलं म्हणून र. धों. कर्वेंवर खटला झाला, आणि त्यांच्या बाजूने उभे राहिले बाबासाहेब

साल १९३४. मुंबईच्या कोर्टात एका मराठी मासिकाच्या संपादकावर अश्लीलतेचा खटला उभा राहिला. या संपादकाने कुणाची बदनामी केली नव्हती की सरकारविरुद्ध चिथावणी दिली नव्हती. वाचकांनी त्याला पत्रातून काही प्रश्न विचारले होते आणि त्याने त्यांची उत्तरं छापली होती. प्रश्न हस्तमैथुनाबद्दल होते आणि समलैंगिक संबंधांबद्दल होते.

मासिकाचं नाव ‘समाजस्वास्थ्य’. संपादक रघुनाथ धोंडो कर्वे. आणि त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

आज सिनेमा, वेबसिरीज आणि रील्समधून समलैंगिक माणसं कशी दाखवली जातात, त्यावरून लोकांचं मत कसं बनतं, यावर भरपूर बोललं जातं. पण मराठीत हा प्रश्न नव्वद वर्षांपूर्वीच कोर्टापर्यंत जाऊन आला होता. तो समजून घ्यायचा तर आधी कर्वे हा माणूस समजून घ्यावा लागतो.

नऊ वर्षांचा मुलगा आणि बाळंतपणात गेलेली आई

रघुनाथ कर्वेंचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. कोकणातल्या मुरुडचं हे कुटुंब. वडील म्हणजे पुढे महर्षी म्हणून ओळखले गेलेले धोंडो केशव कर्वे. आई राधाबाई १८९१ साली बाळंतपणात गेल्या, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचे होते. दोन वर्षांनी वडिलांनी एका विधवेशी लग्न केलं आणि गावाने घरावर बहिष्कार टाकला. म्हणजे बाळंतपण बाईचा जीव घेऊ शकतं हेही या मुलाने लहानपणीच पाहिलं आणि लोकांची नीतीची कल्पना माणसाला वाळीत टाकू शकते हेही पाहिलं.

डोकं गणिताचं होतं. १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला नंबर, मग फर्ग्युसन कॉलेज, मग गणिताची प्राध्यापकी. पुढे गणित शिकायला ते पॅरिसलाही जाऊन आले. फ्रेंच भाषा त्यांना चांगली येत होती, आणि लैंगिक विषयांवर युरोपात जे नवं छापलं जात होतं ते ते मुळातून वाचत होते.

१९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी मेरी स्टोप्स या बाईंनी लंडनमध्ये तसंच केंद्र उघडलं होतं, यावरून कर्वे काळाच्या किती बरोबरीने चालत होते ते कळावं. तेव्हा ते विल्सन कॉलेजात शिकवत होते. मिशनऱ्यांच्या त्या कॉलेजला आपल्या प्राध्यापकाचं हे काम रुचलं नाही. नोकरी किंवा प्रचार, दोन्हींपैकी एक निवडा, असा प्रसंग आला. १९२५ मध्ये कर्वेंनी नोकरी सोडली.

या सगळ्यात पत्नी मालतीबाई बरोबर होत्या. आपल्याला मूल नको हे दोघांनी ठरवलं होतं, आणि त्यासाठी कर्वेंनी स्वतःची नसबंदी करून घेतली होती. शंभर वर्षांपूर्वी, हे लक्षात घ्या. आजही आपल्याकडे हे ऑपरेशन बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला येतं.

पाळणा थांबवण्यापासून या प्रश्नापर्यंत

संततिनियमनाचा प्रचार करणारा माणूस समलैंगिकतेच्या प्रश्नावर कसा आला? कर्वेंच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा धागा इथे आहे, पण त्यांच्याबद्दल बोलताना हा भाग बहुतेकदा गाळला जातो.

तेव्हाचा नियम सरळ होता. शरीरसंबंध फक्त मूल होण्यासाठी. त्यापलीकडचं सगळं पाप. गांधीजींचीही भूमिका याच्या जवळ जाणारी होती. मुलं नको असतील तर संयम पाळा, साधनं वापरू नका, असं ते सांगत. कर्वेंनी नेमका हा नियमच नाकारला. स्त्री आणि पुरुष दोघांनाही सुखाची इच्छा असते, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि ते सुख मुलाशी बांधलेलं असण्याची गरज नाही, असं ते म्हणत.

आता गणिताच्या माणसाने एकदा गृहीतक बदललं की पुढची सगळी उत्तरं बदलतात. मूल हाच हेतू नसेल, तर ज्या संबंधातून मूल होऊच शकत नाही तो संबंध केवळ तेवढ्याच कारणाने पाप कसा ठरेल? बाकीचे अनेक सुधारक इथवर येऊन थांबले. नवरा-बायकोपुरतं बोलून त्यांनी विषय मिटवला. कर्वे थांबले नाहीत. त्यांनी समलैंगिकांसाठी वेगळी चळवळ उभी केली असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, कारण तो त्यांचा मुख्य विषय कधीच नव्हता. पण त्यांची मांडणी त्यांना ज्या वळणावर घेऊन गेली, तिथून ते मागे फिरले नाहीत.

‘समाजस्वास्थ्य’ मध्ये काय असायचं?

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’चा पहिला अंक निघाला. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असायचं. शरीर ही लपवायची गोष्ट नाही हे सांगण्याची ही कर्वेंची पद्धत. सनातन्यांचं डोकं फिरायला तेवढंही पुरेसं होतं. आत मात्र बराचसा मजकूर कोरडा, शास्त्रीय, कधी खोचक. गुप्तरोग, संततिनियमन, वेश्याव्यवसाय, बायकांचे हक्क, धर्मातल्या खुळचट कल्पना. ‘शारदेचें पत्र’ या नावाने एक सदर यायचं, तेही कर्वेच लिहीत. मासिकात जाहिराती फार नव्हत्या, पैसा तर नव्हताच.

या मासिकाचा जीव होता तो वाचकांच्या प्रश्नोत्तरांत.

पत्रं येत ती बहुतेक शहरातल्या, शिकलेल्या पुरुषांची. हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का, वीर्य गेलं की ताकद जाते का, लग्नानंतर हे जमत नाही, ते जमत नाही. वैद्य आणि औषधवाले याच भीतीवर धंदा करत होते. वर्तमानपत्रांत धातुपुष्टीच्या औषधांच्या जाहिराती भरून येत. आणि पुरुषाला पुरुषाबद्दल ओढ वाटते, याबद्दलही प्रश्न येत.

असा प्रश्न लिहिणाऱ्याची तेव्हाची अवस्था काय असेल? इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंडविधानात कलम ३७७ होतं. अनैसर्गिक म्हणून ठरवलेल्या संभोगाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. घरी बोलायची सोय नाही, डॉक्टरकडे जायची हिंमत नाही, आणि मराठीत वाचायला या विषयावर शिवी किंवा शिक्षा यापलीकडचं जवळजवळ काही नाही. अशा माणसाला छापील उत्तर मिळत होतं, आणि त्या उत्तरात शाप नव्हता. भय बाळगण्याचं कारण नाही, शास्त्र काय म्हणतं ते असं आहे, अशा सुरात कर्वे लिहीत.

छापील मजकूर माणसाचं मत कसं घडवतो, याचा विचार करताना मला हा सूरच सगळ्यात मोठा वाटतो. कर्वेंनी या विषयावर ग्रंथ लिहून काही पटवून दिलं असं नाही. त्यांनी हा प्रश्न पचनाच्या किंवा निद्रानाशाच्या प्रश्नाशेजारी बसवता येईल इतका साधा करून टाकला. विरोधकांना खरा राग आला तो याच साधेपणाचा.

याची तुलना करायला एक चांगलं उदाहरण आहे. ज्या १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू झालं, त्याच साली हिंदीत पांडेय बेचन शर्मा ‘उग्र’ यांचा ‘चाकलेट’ हा कथासंग्रह आला. विषय पुरुषांचे पुरुषांशी संबंध. लेखकाचा हेतू या गोष्टीचा धिक्कार करण्याचा होता, तसं तो सांगतही होता. तरी हिंदी साहित्यात त्यावरून मोठं वादळ उठलं, आणि अश्लीलतेचा आरोप त्यालाही चुकला नाही. पुस्तक मात्र भरपूर खपलं. म्हणजे धिक्कारासाठी का होईना, हा विषय लोकांना वाचायचा होता. फक्त भीती घालून लिहिलेलं खपत होतं, आणि भीती काढून लिहिणाऱ्याचं मासिक तोट्यात होतं.

कोर्टात नेमकं काय झालं?

पहिला खटला १९३१ सालचा. व्यभिचारावर लिहिलेल्या एका लेखावरून. कर्वे दोषी ठरले, शंभर रुपये दंड झाला. वर अपील केलं, तेही फेटाळलं गेलं.

फेब्रुवारी १९३४ मध्ये त्यांना पुन्हा अटक झाली. या वेळी कारण होतं प्रश्नोत्तरांचं सदर. आणि या वेळी वकीलपत्र आंबेडकरांनी घेतलं.

आंबेडकर तेव्हा काय होते ते आठवा. महाडचा सत्याग्रह होऊन गेला होता, गोलमेज परिषदा झाल्या होत्या, १९३२ चा पुणे करार झाला होता. देशभर नाव होतं आणि देशभर शत्रूही होते. अशा नेत्याने हस्तमैथुन आणि समलैंगिकतेवरच्या उत्तरांसाठी कोर्टात उभं राहणं म्हणजे विरोधकांच्या हातात आयतं कोलीत देणं होतं. त्यांनी त्याची फिकीर केली नाही.

त्यांचा युक्तिवाद साधारण असा होता. मासिकाचा विषयच लैंगिक शिक्षण आहे. वाचक त्याबद्दल प्रश्न विचारणारच. प्रश्न विचारला तर उत्तर द्यायचं की नाही? उत्तर देणंच गुन्हा असेल तर मासिक बंदच करा असं सरळ म्हणा. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते आपोआप अश्लील होत नाही. आणि समलैंगिकतेबद्दल त्यांनी हॅवलॉक एलिस या इंग्रज संशोधकाच्या कामाचा आधार घेतला. काही माणसांची ओढ निसर्गतःच तशी असेल, तर त्यांनी आपल्या पद्धतीने सुख मिळवण्यात वावगं काही नाही, असं त्यांनी मांडलं.

आता गंमत अशी की ज्या एलिसचा आधार घेतला, त्याचं या विषयावरचं पुस्तकही लंडनमध्ये कोर्टाच्या तावडीतून सुटलं नव्हतं. १८९८ मध्ये ते विकल्याबद्दल जॉर्ज बेडबरो नावाच्या माणसावर खटला झाला होता. १९२८ मध्ये रॅडक्लिफ हॉल यांची ‘द वेल ऑफ लोनलीनेस’ ही कादंबरी इंग्लंडमध्ये अश्लील ठरवून रोखली गेली. त्यातही बाईचं बाईवरचं प्रेम होतं आणि वर्णन असं जवळजवळ काहीच नव्हतं. इंग्लंडचा कायदा तेव्हा एवढंच विचारत असे की ज्यांच्या मनावर वाईट परिणाम होऊ शकतो अशा माणसाच्या हाती हे पडलं तर काय होईल. हिंदुस्थानातली कोर्टंही तीच फूटपट्टी वापरत. या फूटपट्टीत प्रश्न विचारणाऱ्या माणसाला जागाच नाही. ज्याला या उत्तराची गरज आहे तो कुणीच नाही, आणि जो बिघडेल असं वाटतं त्याच्यासाठी सगळा कायदा.

एप्रिल १९३४ मध्ये निकाल लागला. कर्वे हरले. दोनशे रुपये दंड झाला.

आंबेडकरांची संततिनियमनाच्या प्रश्नाशी नाळ त्यानंतरही तुटली नाही. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव त्यांच्या पक्षाकडून आला. त्यावरचं त्यांचं भाषण पी. जे. रोहम यांनी सभागृहात मांडलं. ठराव फेटाळला गेला.

चौसाळ्यापर्यंत काय पोहोचलं?

कर्वे कितीही थोर असले तरी त्यांचं मासिक किती लोकांच्या हाती पडत होतं हा प्रश्न उरतोच. बीड जिल्ह्यातलं चौसाळा घ्या. १९३४ मध्ये हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभाराची भाषा उर्दू, साक्षर माणसं बोटावर मोजण्याइतकी, आणि मुंबईचं कोर्ट म्हणजे दुसऱ्या राज्याचं कोर्ट. तिथल्या शेतकऱ्याच्या घरी ‘समाजस्वास्थ्य’ येत असेल ही कल्पनाही करवत नाही.

तिथे यायचा तो तमाशा. जत्रेत, उरुसात. गौळणीत लुगडं नेसून येणारी मावशी पुरुषच असायचा. तो लचकत चालला की हशा, बोलला की शिट्ट्या. पुढे गावोगाव तंबूतले सिनेमे आले आणि तमाशापटांतून नाच्या पडद्यावर आला. कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी ही भूमिका इतकी रंगवली की नाच्या म्हटलं की त्यांचाच चेहरा आठवतो. किती मोठा नट! पण प्रेक्षकांनी पडद्यावरचा माणूस आणि घरचा माणूस वेगळा ठेवला नाही. बायको-मुलांचा संसार असलेल्या या माणसाची पडद्याबाहेरही थट्टा झाली, आणि आपल्या कामाची ही किंमत त्यांनी आयुष्यभर मोजली. २००८ मध्ये ते गेले. नुसती भूमिका केलेल्या माणसाचे हे हाल असतील, तर जे खरोखर तसे होते त्यांना त्या तंबूत बसून काय वाटत असेल?

तमाशाला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण ते अर्धवट होईल. बायकी पुरुष गावाने निदान पाहिला, त्याला रंगमंचावर जागा दिली, हेही खरंच. फक्त ती जागा हसण्यापुरती होती. कर्वेंचं उत्तर काही हजार शिकलेल्या माणसांच्याही पुढे गेलं नाही, आणि हशा मात्र प्रत्येक जत्रेत पोहोचला. पुढची पन्नास-साठ वर्षं मराठी माणसाचं या विषयावरचं मत बनवलं ते हशाने.

कर्वेंच्याही काही मर्यादा होत्या. सुप्रजननाच्या, म्हणजे कुणी मुलं जन्माला घालावीत आणि कुणी घालू नयेत हे शास्त्राने ठरवण्याच्या तेव्हाच्या कल्पनांचा प्रभाव त्यांच्यावर होता. आज ते वाचताना खटकतं. बोलण्यात ते फटकळ होते, माणसं जोडण्यापेक्षा तोडण्यात पटाईत. शिवाय त्यांच्याकडे येणाऱ्या पत्रांत बायका फार कमी होत्या. बाईला बाईबद्दल ओढ वाटली तर ती पत्र तरी कुणाकडून लिहून घेणार?

नंतर

पहिल्या अंकापासून मरेपर्यंत, सव्वीस वर्षं, कर्वेंनी मासिक एकहाती चालवलं. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते गेले. वडील तेव्हा हयात होते. महर्षींना पुढे भारतरत्न मिळालं, शंभरी पार करून ते गेले. मुलाच्या नावाला मात्र बरीच वर्षं कुणी फारसं विचारलं नाही.

मराठी रंगभूमीवर समलैंगिक नायिका आली ती १९८१ मध्ये. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’. रोहिणी हट्टंगडींनी मित्राची भूमिका केली. या नाटकात कुणी हसत नाही, पण मित्रा शेवटी जीव देते. हशाच्या जागी शोकांतिका आली, साधं जगणं अजून लांबच होतं. अमोल पालेकरांनी २००१ मध्ये कर्वेंवर ‘ध्यासपर्व’ काढला. २०१७ मध्ये अजित दळवींनी लिहिलेलं आणि अतुल पेठेंनी बसवलेलं ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक आलं. त्यात कर्वेंवरचे खटलेच मंचावर उभे राहिले, आणि ज्या प्रश्नोत्तरांसाठी दंड झाला होता त्यांवर लोक तिकीट काढून टाळ्या वाजवू लागले.

बीड जिल्ह्यातही याच सुमारास एक गोष्ट घडली. जिल्हा पोलीस दलातल्या एका महिला शिपायाने पुरुष म्हणून शस्त्रक्रिया करून घेण्यासाठी आणि नोकरी कायम राहावी म्हणून परवानगी मागितली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१८ च्या मे महिन्यात मुंबईत शस्त्रक्रिया झाली. हा विषय समलैंगिकतेचा नव्हता, लिंगबदलाचा होता. पण मराठी चॅनेलांवर आणि वर्तमानपत्रांत तो बराचसा रजेचा, नोकरीचा आणि शस्त्रक्रियेचा प्रश्न म्हणून मांडला गेला. जत्रेतल्या मावशीवर हसणाऱ्या भागात लोकांनी ही बातमी हसण्यापेक्षा कुतूहलाने वाचली.

कर्वेंच्या सदरातल्या दोन विषयांचं पुढे काय झालं ते पाहा. संततिनियमन १९५२ मध्ये सरकारी धोरण झालं. असा कार्यक्रम हाती घेणारा भारत जगातला पहिला देश होता, आणि ते पाहायला कर्वे हयात होते. दुसऱ्या विषयाला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांना कलम ३७७ मधून बाहेर काढलं. न्यायमूर्तींनी त्या निकालात समाजाच्या नीतीपेक्षा संविधानाची नीती मोठी, हा मुद्दा मांडला, आणि त्यासाठी आंबेडकरांची आठवण काढली. दोनशे रुपयांच्या दंडाला तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षं झाली होती.